सरहद्द आणि गाणें

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यांतील सोनारी हें गांव श्रीकाळभैरवनाथाचें स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रांतील अनेक घराण्यांचें तें कुलदैवत असून चैत्रांतील यात्रेस दूरदूरच्या गांवांहून भाविक तेथें जमतात. इ. स. १९४८ पर्यंत या यात्रेकरूंपैकीं पुष्कळांना देवदर्शनापूर्वीं एक सरहद्द ओलांडावी लागत असे. सोनारी निजामाच्या राज्यांत, तर शेजारचे करमाळा, माढा आणि बार्शी हे तालुके मुंबई इलाख्यांत. एका बाजूस हाली शिक्का चाले, दुसऱ्या बाजूस कलदार रुपया. एकीकडे सरकारी कामकाज उर्दूंत, दुसरीकडे मराठींत व इंग्रजींत. मालावरील जकातीसाठीं वाटेवर करोडगिरीचे नाके बसविलेले असत. शिवारांतील ज्वारी मात्र दोन्हीकडे सारखीच, बोली सारखीच, देवही एकच. आणि मुलगी या बाजूची व जांवई त्या बाजूचा, हा प्रकारही नित्याचाच.

राज्याची सीमा नकाशावर शाईनें काढलेली असते. ती कोणत्या तहानें ठरली, तिच्यावर कोणाचा अंमल होता, जकात किती जमली, हें सारें दप्तरांत लिहिलेलें सांपडतें. परंतु ती रेघ ओलांडतांना साध्या माणसास काय सोसावें लागलें, पलीकडे गेलेल्या भावाची वाट कोणी किती दिवस पाहिली, याचा हिशेब दप्तर ठेवीत नाहीं. तो हिशेब लोकांनीं गाण्यांत ठेवलेला असतो. मराठी मुलुखांतील अशा गाण्यांचें मोल नीट ध्यानांत येण्यासाठीं, ज्या देशांत सरहद्दीच्या गाण्याला स्वतंत्र नांव आणि प्रतिष्ठा मिळाली आहे, त्या मेक्सिकोकडे प्रथम पाहणें उपयुक्त ठरेल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १८४६ ते १८४८ या काळांत मेक्सिकोशीं युद्ध केलें आणि ग्वादालूपे इदाल्गो येथील तहानें त्या देशाचा फार मोठा भाग आपल्याकडे घेतला. टेक्ससच्या बाजूस एक नदी ही दोन राष्ट्रांची सीमा ठरली. उत्तरेकडील लोक तिला रिओ ग्रांदे म्हणतात, दक्षिणेकडील लोक रिओ ब्राव्हो म्हणतात. जी नदी आजवर दोन्ही कांठांच्या गुरांना पाणी पाजीत होती, ती एकाएकीं परदेशाचें कुंपण झाली. उत्तर तीरावरील स्पॅनिश बोलणारीं कुटुंबें आपल्याच घरांत बसल्या बसल्या परकीं ठरलीं. या स्थितींतून कोरीदो नांवाच्या कथागीताला नवा बहर आला.

कोरीदोची रचना साधी असते. बहुधा चार ओळींचें कडवें, ओळीला सुमारें आठ अक्षरें, आणि एकच चाल शेवटपर्यंत. आरंभीं गायक घटनेचा दिवस आणि ठिकाण सांगतो, मग नायकाची हकीकत येते, आणि शेवटीं ऐकणाऱ्यांचा रीतसर निरोप घेतला जातो. साथीला बारा तारांचें बाखो सेक्स्तो हें वाद्य आणि अकॉर्डियन. हें अकॉर्डियन जर्मनी व बोहेमिया या प्रांतांतून तिकडे वस्तीला आलेल्या लोकांनीं नेलें. परक्यांची पेटी आपलीशी करण्याचा हा प्रकार मराठी माणसास नवा वाटणार नाहीं; कीर्तनांतील व तमाशांतील हार्मोनियम मूळची युरोपचीच आहे.

या गीतांतील सर्वांत गाजलेली कथा ग्रेगोरिओ कोर्तेस याची आहे. १२ जून १९०१ रोजीं टेक्ससमधील कार्न्स परगण्याचा शेरीफ एका घोडाचोरीच्या चौकशीसाठीं त्याच्या घरीं गेला. बरोबर नेलेल्या दुभाष्यास स्पॅनिश बेताचीच येत होती. तूं घोडा विकलास काय, असें त्यानें विचारलें. कोर्तेस यानें दिलेली ती घोडी होती. म्हणून त्यानें नाहीं म्हणून सांगितलें. दुभाष्याला दोन्ही शब्दांतील भेद उमगला नाहीं. शब्दानें शब्द वाढला, गोळी सुटली, कोर्तेसचा भाऊ जखमी झाला आणि शेरीफ मारला गेला. पुढें दहा दिवस कोर्तेस पायीं आणि घोड्यावरून सरहद्दीच्या दिशेनें पळत राहिला आणि शेंकडों माणसें त्याच्या मागावर होतीं. अखेर तो पकडला गेला. अनेक वर्षें तुरुंगांत काढल्यावर १९१३ सालीं गव्हर्नरानें त्याला माफी दिली. इंग्रजी वर्तमानपत्रांनीं त्याला दरोडेखोर ठरविलें होतें. गाण्यांत मात्र तो आपल्या हक्कासाठीं उभा राहिलेला एक शेतकरीच राहिला. ज्याची भाषा कचेरीला कळत नाहीं, त्याची साक्ष गाण्यानें नोंदवून घेतली. अमेरिको परेदेस या टेक्ससमधील विद्वानानें १९५८ सालीं या एका गीतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि विद्यापीठांनाही त्या साक्षीची दखल घ्यावी लागली.

विसाव्या शतकांत कोरीदोचा नायक बदलला. बंदूकवाल्या घोडेस्वाराच्या जागीं शेतमजूर आला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेस शेतावर माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां १९४२ सालीं दोन्ही सरकारांनीं करार करून मेक्सिकन मजूर हंगामापुरते नेण्याची व्यवस्था केली. १९६४ पर्यंत चाललेल्या या व्यवस्थेत चाळीस लाखांहून अधिक करार झाले. त्याहीपूर्वीं, रेडिओ नवा असतांना, लॉस एंजेलिस येथें पेद्रो गोन्सालेस हा गायक भल्या पहाटे, मजूर कामावर निघण्याच्या वेळीं, गाण्यांचा कार्यक्रम करीत असे. १९३४ सालीं त्याला तुरुंगांत टाकण्यांत आलें आणि १९४० सालीं त्याला सीमेपलीकडे पाठविण्यांत आलें. पुढें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत 'लोस तिग्रेस देल नोर्ते' या वादकसंघानें 'ला हाउला दे ओरो', म्हणजे सोन्याचा पिंजरा, हें गीत लोकप्रिय केलें. कागदपत्रांवांचून परदेशांत राहिलेला एक बाप तेथें पैसे मिळवितो. पण त्याचीं मुलें मायबोली विसरतात आणि गांवीं परतण्यास नकार देतात, असा त्याचा आशय आहे. सरहद्द नदीच्या पात्रांतून उठून घराच्या उंबरठ्यावर आली, हें त्या गीतानें ओळखलें.

आतां मराठीकडे वळावें. कोरीदोशीं बाह्यतः जवळचा प्रकार पोवाडा हा होय. तोही घटना सांगतो, स्थळकाळाचा उल्लेख करितो, आणि शेवटीं शाहीर आपलें नांव गुंफतो. परंतु जुना पोवाडा बहुधा सेनापतींचा आणि गडांचा. परंड्याचा किल्लाच पहावा. अहमदनगर मोंगलांच्या हातीं गेल्यावर निजामशाहीची गादी कांहीं काळ येथें होती. विजापुरास आज दिसणारी मुलूख-मैदान तोफ पूर्वीं याच किल्ल्यावर होती. अशा प्रदेशांत सीमा अनेकदां बदलल्या. त्या प्रत्येक बदलाचें ओझें ज्या घरांनीं वाहिलें, त्यांचा पोवाडा मात्र कोणी रचला नाहीं. तें काम जात्यावर बसलेल्या बायकांनीं केलें.

ओवीला श्रोतृसमुदाय नसतो, वाद्य नसतें, बिदागीही नसते. पहाटे दोन बायका समोरासमोर बसतात, खुंट्याला हात घालतात, आणि दगडाच्या फेऱ्याबरोबर ओळ पुढें सरकते. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सासरचा जाच, आणि मुंबईला पोटासाठीं गेलेला कोणी आपला माणूस, हे ओवीचे नित्याचे विषय. कोरीदो जाणाऱ्याची कथा सांगतो; ओवी मागें राहिलेलीची वेदना सांगते. जाणारा नदी ओलांडतो, नाका चुकवितो, पकडला जातो. त्याच्या आयुष्यांत प्रसंग घडतात, आणि म्हणून त्याची कथा होते. मागें राहिलेलीच्या आयुष्यांत वाट पाहणें एवढेंच घडतें. त्याची कथा होत नाहीं, परंतु रोज पहाटे एकेक ओळ मात्र होते. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या संग्रहांत अशा ओव्या एकत्र केल्या. पुढें हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं गांवोगांवच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. एवढी मोठी नोंद आहे म्हणूनच तीतून गेलेल्या पिढ्यांच्या बायकांचें घर आणि वाट आज वाचतां येते.

परंड्याच्या सीमेवर ही वाट पाहणें १९४७-४८ सालीं फार कठीण झालें. १५ ऑगस्ट १९४७ नंतर निजामानें स्वतंत्र राहण्याचा आग्रह धरला. सोलापूर व नगर या जिल्ह्यांच्या सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे तळ पडले. करोडगिरीचे नाके त्यांच्या हल्ल्यांचें लक्ष्य झाले. रझाकारांच्या भीतीनें अनेक कुटुंबें घरदार सोडून बार्शी-सोलापुराकडे आलीं. जे अंतर बैलगाडी एरवीं सहज तोडी, तें आतां जिवावरचें ठरलें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापुराकडून निघून नळदुर्गास पोंचलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत सामील झाला आणि सोनारीच्या यात्रेकरूंच्या वाटेवरील ती जुनी रेघ कायमची पुसली गेली.

एक सीमा पुसली जात असतांना दुसरी मात्र त्याच दिवशीं आंखली गेली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगांव, निपाणी, कारवार हा मुलूख म्हैसूर राज्याकडे गेला. त्या वेदनेला मराठींत जें सर्वांत परिणामकारक गीत लाभलें, तें नेत्यानें लिहिलें नाहीं. एका स्थलांतरितानें लिहिलें. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजीं वाळवे तालुक्यांतील वाटेगांवीं झाला. लहानपणींच ते घरच्या माणसांबरोबर पायीं चालत मुंबईकडे निघाले, आणि पुढें कामगारवस्तींत वाढले. १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें. यांतील अमर शेख हे बार्शीचे. म्हणजे परंड्याच्या शेजारच्या, सरहद्दीपलीकडील गांवचे. कुर्डुवाडीहून बार्शीस १८९७ सालीं आणि पुढें लातुरास १९११ सालीं पोंचलेल्या अरुंद मापाच्या रेल्वेनें या टापूंतील माणसें मुंबईच्या मोठ्या मार्गाला जोडलीं होतीं. त्या वाटेनें गिरणीकडे गेलेल्या कामगारांचें जग या शाहिरांनीं अंगावर घेतलें होतें.

अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड या दृष्टीनें पहावी. लावणीच्या वळणानें ती सुरू होते. कामासाठीं मुंबईस आलेला एक तरुण गांवीं राहिलेल्या आपल्या प्रियेचें रूप आठवितो, निघण्याच्या वेळची तिची अवस्था सांगतो, मुंबईच्या झगमगाटांतील आपलें एकाकीपण सांगतो. ऐकणारा विरहाच्या रसांत रंगलेला असतांनाच शाहीर ती उपमा मोठी करितो: जशी त्याची मैना त्याच्यापासून दुरावली, तसे सीमेवरील मराठी मुलूख महाराष्ट्रापासून दुरावले आहेत. प्रवासी मजुराचें दुःख आणि सीमाभागाचें दुःख एकाच चालींत बसलें. यांत केवळ अलंकार नाहीं. घरापासून तुटणें म्हणजे काय, हें ज्याला पोटासाठीं कळलें होतें, त्यालाच प्रांताचें तुटणें लोकांच्या काळजाला भिडेल अशा रीतीनें सांगतां आलें. अण्णा भाऊ आणि अमर शेख हे दोघेही १९६९ सालीं निवर्तले. बेळगांवचा प्रश्न त्यांच्या मागें राहिला. महाराष्ट्र शासनानें तो २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत नेला.

येथवर मराठी गाण्याच्या दोन बाजू दिसल्या. जाणाऱ्यासाठीं शाहिराचा डफ होता, राहणारीसाठीं जातें होतें. परंतु धाराशिव व बीड या जिल्ह्यांतील आजच्या सर्वांत मोठ्या स्थलांतरास या दोहोंपैकीं एकही आधार उरलेला नाहीं. तें स्थलांतर ऊसतोडीचें.

प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचें गाळप १९५० च्या सुमारास सुरू झालें. त्यानंतर महाराष्ट्रांत कारखाने वाढत गेले, आणि ऊस तोडण्यासाठीं कोरडवाहू प्रदेशांतून माणसें जाऊं लागलीं. १९७२ च्या दुष्काळानें हा ओघ अधिकच वाढविला. भूम, परंडा, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें निघतात. मुकादम आधींच उचल देतो. ती फेडण्यासाठीं हंगामभर राबावें लागतें. या कामांत माणसें मोजण्याचें मापच वेगळें आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एक दिवस कोणी आजारी पडलें तर त्याचा खाडा धरतात. पुरुषानें ऊस तोडावा, बाईनें मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यावी. रात्रीं-अपरात्रीं वाहन आलें तर उठून तें भरावें. निवारा म्हणजे फडाजवळची कोपी. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, हें चालतें. सोनारीजवळही आतां साखर कारखाना आहे. तथापि या टापूंतील मजुरांची दूरची वाट कांहीं थांबलेली नाहीं. सांगली, कोल्हापूर ओलांडून त्यांतील कित्येक टोळ्या कर्नाटकांतील कारखान्यांवर जातात. अण्णा भाऊंच्या छक्कडींत जी रेघ आहे, तीच रेघ हे मजूर कोयता घेऊन दरसाल ओलांडतात.

येथें मैना गांवावर राहिलेली नाहीं. ती नवऱ्याच्या बरोबर फडांत उभी आहे, आणि तिच्या हातीं कोयता आहे. गांवीं राहिलीं तीं म्हातारीं माणसें आणि त्यांच्याजवळ ठेवलेलीं शाळकरी मुलें. किंवा मुलेंही बरोबर, आणि शाळा मागें. विरहाचा नेहमींचा सांचा या घराला लागू पडत नाहीं. शिवाय घराघरांतील जातें पिठाच्या गिरणीनें बंद केलें. जात्यावरची ओवी आतां बहुधा लग्नांतील हळदीपुरती उरली आहे. वाट पाहणारी बाई प्रवासाला निघाली आणि तिचें गाण्याचें आसन गेलें, हे दोन्ही बदल जवळजवळ एकाच काळांत झाले. म्हणून या स्थलांतराचा लोकगीतांतील हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न गंभीर आहे.

त्याचा अर्थ ऊसतोड्यांच्या टोळीला गाणें नाहीं, असा कोणी करूं नये. कष्टकरी माणूस गाण्यावांचून रात्र काढीत नाहीं. जुन्या चालींवर नव्या ओळी बसतात, भजनाच्या ठेक्यावर फडांतील हकीकत येते. पण पट्टा पडला कीं टोळी पांगते, आणि त्या ओळीही पांगतात. मेक्सिकन गाण्याचें भाग्य असें कीं, त्याला परेदेस यांच्यासारखे अभ्यासक आणि ध्वनिमुद्रिका जपणारे संग्राहक भेटले. क्रिस स्ट्रॅकविट्झ या एका माणसानें जमविलेल्या मेक्सिकन ध्वनिमुद्रणांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. मराठी ओवीलाही असेच दोन-तीन ध्यासवेडे लाभले, म्हणून ती वांचली. दोन्हीकडे अनुभव एकच: लोकगीत आपोआप टिकत नाहीं, तें कोणीतरी वेळेवर ऐकावें लागतें.

ऊसतोडीचें गाणें ऐकण्याची वेळ आजची आहे, आणि त्यासाठीं फार दूर जाण्याची गरज नाहीं. कोपींचे तळ कारखान्यांच्या आसपास, पुष्कळदां शहराच्या वेशीवरच असतात. हंगाम संपल्यावर हीं माणसें गांवीं परततात, आणि लगेच चैत्राच्या यात्रा सुरू होतात. वर्षभरांत निवांत बसून बोलण्याचे त्यांचे ते चार दिवस. लोकसाहित्याचे विद्यार्थी, शाळांतील शिक्षक, यात्रेस जाणारीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबें, यांपैकीं कोणींही त्या दिवसांत वही घेऊन बसावें, ध्वनिमुद्रण करावें, गाणारणीचें गांव व सालाची नोंद ठेवावी आणि तिची परवानगी घेऊन तें जपावें. साखरेचा उतारा किती, हें प्रत्येक कारखाना दर हंगामीं दशांशापर्यंत मोजतो. ती साखर घरोघरीं पोंचविण्यासाठीं कोणी काय मागें टाकून आलें, तें मोजण्याचें माप गाण्याखेरीज दुसरें कोठें सांपडावयाचें नाहीं.